मुलांच्या वॉर्डाला टॅब द्यायचे आहेत, तर...

वडोदऱ्यातल्या दांडिया बाजार भागातल्या एका गणेश मंडळाच्या कार्यकर्त्यांनी विचारलं आहे: यंदा सजावटीचा खर्च आवरून शहरातल्या एका हॉस्पिटलच्या मुलांच्या वॉर्डाला सहा टॅब द्यायचं ठरलंय. मुलं साधारण दोन ते सहा वर्षांची. त्यांच्या खेळासाठी कोणती अ‍ॅप्स टाकून द्यावीत, यादी मिळेल का?

यादी देते. ती जरा खाली येईल आणि तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा बरीच आखूड असेल. पण पैसे खर्च व्हायच्या आत एक गोष्ट कानावर घालते: सहा टॅब घेऊ नका, दोन घ्या. आणि ते देऊन येऊ नका, घेऊन जात जा. मंडळातली सहा-आठ माणसं ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी ते टॅब घेऊन वॉर्डात बसणार असतील तर मुलांच्या पदरात काही पडेल. नुसते खोके पोचवून, फोटो काढून परत आलात तर पुढे काय होतं ते मी बऱ्याच वॉर्डांत पाहिलंय.

सरकारी ठिकाण असेल तर देणगीची वस्तू डेड स्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत, चढते. चढली की ती कुणाच्या तरी नावावर येते, बहुतेक इन्चार्ज सिस्टरच्या. हरवली, फुटली तर उत्तर तिने द्यायचं. मग ती काय करणार? कपाटात ठेवून कुलूप लावणार. तिला दोष देण्यात अर्थ नाही. वॉर्ड भरलेला, पाळीला सिस्टर मोजक्या, त्यात कुठला टॅब कुठल्या खाटेवर गेला हे बघत बसायला तिला वेळ कुठला? खासगी हॉस्पिटलात उलटं होतं. तिथे टॅब कपाटात जात नाही, खाटेवर जातो, त्यावर यूट्यूब लागतं आणि सकाळी लागलेलं रात्री मूल झोपेपर्यंत चालू राहतं. पहिल्या ठिकाणी मुलाला टॅब मिळत नाही, दुसऱ्या ठिकाणी टॅबला मूल मिळतं.

माझ्याविषयी दोन शब्द, म्हणजे हे कुठून बोलतेय ते कळेल. मी बालविकास शिकले इथेच, महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या गृहविज्ञान शाखेत. नंतरची नोकरीची वर्षं मुलांच्या वॉर्डांत खेळ घेण्यात गेली. बाहुल्या, ठोकळे, औषधांची रिकामी खोकी यांवर बराच काळ काम केल्यावर टॅब हातात आला. त्यामुळे मला त्याची भीतीही नाही आणि फारसं कौतुकही नाही. ते एक खेळणं आहे. काही मुलांना, काही वेळा फार उपयोगी पडतं.

आता मूळ गोष्ट. तीन वर्षांचं मूल हॉस्पिटलात येतं तेव्हा कुठलीच गोष्ट त्याच्या मर्जीवर राहत नाही. घरी ते निदान ‘भेंडी नको’ म्हणून ताट सरकवू शकतं. इथे खाटेजवळ येणारं प्रत्येक मोठं माणूस त्याला काहीतरी करायलाच येतं. कुणी ताप बघायला, कुणी रक्त घ्यायला, कुणी नेब्युलायझरचा मास्क लावायला. ‘नाही’ म्हणायची सोय नाही. म्हटलंच तर तिघं-चौघं मिळून धरतात. दिवसभरात एकच जागा उरते जिथे काय व्हायचं ते मूल ठरवतं, आणि ती म्हणजे खेळ. म्हणून कुठलंही अ‍ॅप समोर आलं की मी आधी एवढंच बघते: यात हुकूम कोण सोडतंय? ‘लाल फुगा फोड’, ‘चुकलं, पुन्हा कर’, ‘शाब्बास, तीन तारे’ असं जे बोलतं ते म्हणजे खाटेजवळ उभं राहिलेलं आणखी एक मोठं माणूसच. शाळेसाठी ते ठीक असेल. ताप नुकताच उतरलाय, हाताला फळी बांधलीय, त्या मुलाची परीक्षा कशाला घ्यायची? ज्यात बरोबर-चूक नाही, हरणं नाही, घड्याळ नाही, आणि मुलाने बोट लावल्याशिवाय काही घडतच नाही, ते अ‍ॅप वॉर्डात कामाचं.

हॉस्पिटलातल्या खेळाचा विचार पाश्चात्त्य देशांत एका वेगळ्याच दुखण्यातून सुरू झाला. तिथल्या कितीतरी हॉस्पिटलांत १९५०च्या दशकातही आईबापांना मुलाला भेटायला ठरावीक तासच मिळत. ब्रिटनमध्ये १९५९ साली प्लॅट समितीने सांगितलं, की आईबापांना मुलाजवळ येऊ द्या आणि वॉर्डात खेळाची सोय करा. अमेरिकेत क्लीव्हलंडच्या एका हॉस्पिटलात १९५५ साली एमा प्लँक या मॉन्टेसरी पद्धतीत तयार झालेल्या बाईंनी आजारी मुलांसाठी खेळाचं काम उभं केलं; अशा कामांतून पुढे तिथे वॉर्डात खेळ घेणाऱ्यांचा स्वतंत्र पेशाच तयार झाला. आपल्याकडे चित्र बरोबर उलटं आहे. आई खाटेवर मुलाला बिलगून असते, आजी खाली चटईवर, मामा डबा घेऊन दारात उभा. नसतो तो खेळ घेणारा शिकलेला माणूस. म्हणजे आपल्या वॉर्डात जवळजवळ प्रत्येक खाटेला एक मोठं माणूस आहे, आणि ते दिवसभर रिकामं, घाबरलेलं, कंटाळलेलं बसलंय. तुमच्या टॅबचं खरं गिऱ्हाईक ते आहे. मुलाला टॅब शिकवावा लागत नाही. आईला शेजारी बसून खेळायला शिकवावं लागतं.

शिवाय तुमचा टॅब ही त्या मुलाची पहिली स्क्रीन नसणार. खेड्यातून आलेल्या आईकडेही फोन असतो आणि घास भरवताना, मूल रडताना तो पुढे धरला जातो. त्याबद्दल मी आयांना बोल लावत नाही. दोन रात्री जागलेल्या बाईला अर्धा तास उसंत मिळत असेल तर मिळू दे. पण तो गप्प बसवायचा फोन झाला. त्यावर जे चालतं तेच मोठ्या काचेवर दाखवायला वर्गणी कशाला हवी?

वयाचा मुद्दा पटकन संपवते. दोन वर्षांखालच्या मुलांना टॅब नको. इंडियन अकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्सच्या २०२१च्या मार्गदर्शक सूचनांत हेच आहे. अपवाद एकच, घरच्यांशी व्हिडिओ कॉल. दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या देखत, आणि जितका कमी तितका बरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या सूचनाही याच्याच जवळ जातात. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवशी मी स्वतः घड्याळ लावून बसत नाही, पण तुमच्या माणसांसाठी सोपा नियम ठेवा: एका मुलापाशी वीस-पंचवीस मिनिटं, मग पुढची खाट. आणि डोक्याला मार लागलेला असेल, फिट येत असतील, डोळ्यांचं ऑपरेशन असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय टॅब पिशवीतून काढायचाच नाही.

कुणाला द्यायचा, हे कोणतं अ‍ॅप यापेक्षा महत्त्वाचं. जे मूल उठून व्हरांड्यात चालू शकतं त्याला टॅबची गरज नाही. त्याला चेंडू द्या, ठोकळे द्या, खिडकीतून रिक्षा मोजू द्या. टॅब त्या मुलासाठी, ज्याचं शरीर आज खेळू देत नाही. मांडीचं हाड मोडून छातीपासून पायापर्यंत स्पायका प्लास्टरमध्ये पडलेलं चार वर्षांचं मूल घ्या. ते पाठीवर आहे, कूसही बदलता येत नाही. त्याच्या अंगावर वाळू सांडता येत नाही, पाणी सांडलं तर प्लास्टर बिघडतं. पण एक बोट मोकळं आहे. त्या बोटाने टॅबवर त्याला पाणी ओतता येतं, गाडी पळवता येते, चिखल करता येतो. आई म्हणते, ‘चल, ही कमाटीबागेतली गाडी, तिकीट काढ माझं,’ आणि आठवडाभर नुसतं छताकडे बघणारं पोरगं तिकिटाचे पैसे मागायला लागतं. केमोथेरपी चालू असलेल्या, रक्तातल्या पेशी खाली गेलेल्या मुलाचंही तसंच. त्याला माती, पीठ, दुसऱ्याची खेळणी बंद असतात. पुसता येणारी काच त्याला चालते, अर्थात त्याच्या डॉक्टरांनी होकार दिला तर.

आता यादी.

पहिलं अ‍ॅप टॅबमध्ये आधीच असतं आणि फुकट असतं: कॅमेरा. माझा सगळ्यात जास्त भर त्याच्यावर. ज्याच्याकडे दिवसभर सगळे बघतात, तपासतात, वाकून डोकावतात, त्याच्या हातात कॅमेरा दिला की बघणारं तो होतो. मुलांनी काढलेले फोटो नीट पाहा. पंखा, सलाईनची बाटली, स्वतःचं पाऊल, सिस्टरचे बूट, आईचा अर्धा चेहरा. खाटेवर आडवं पडून जग कसं दिसतं ते त्यात कळतं. काही वेळा मुलाच्या मनात काय आहे तेही. एकच फोटो पुन्हा पुन्हा काढला जात असेल, समजा ड्रेसिंगच्या ट्रॉलीचा, तर त्या ट्रॉलीबद्दल बोलायला हवं. ‘हिच्यात काय काय असतं?’ एवढं विचारून गप्प बसायचं. मूल सांगतं. फोटो काढून झाले की आईने ते त्याच्यासोबत बघायचे, आणि मुलाने सांगितलेली गोष्ट त्याच्याच शब्दांत परत त्याला सांगायची. दुसऱ्या मुलांचे चेहरे काढायचे नाहीत, हा नियम आधीच सांगा. चार वर्षांच्या मुलाला तो कळतो.

दुसरं, कोरा कागद. टक्स पेंट हे चित्रांचं अ‍ॅप २००२ पासून आहे, फुकट आहे, त्यात जाहिराती नाहीत. त्यातले आवाज बंद करून ठेवा, नाहीतर शेजारच्या खाटेवरची आजी तुम्हाला दुसऱ्या दिवशी आत घेणार नाही. वडोदऱ्याच्या मोठ्या हॉस्पिटलांत छोटा उदेपूरपासून, दाहोदपासून, पार अलीराजपूरपासून मुलं येतात. कुणाची बोली राठवी, कुणाची भिली, कुणाची गुजराती. आपलं मराठी तर घरापुरतंच. अशा वेळी न बोलणारं अ‍ॅप बोलणाऱ्या अ‍ॅपपेक्षा कधीही बरं. राठवा या आदिवासी समाजातल्या एका मुलाने माझ्यासमोर काळ्या रेघेने घोड्यामागून घोडा काढला होता. त्यांच्या घरांत भिंतीवर पिठोरा रंगवतात, त्यात घोडे असतात. तोवर मान खाली घालून बसलेले त्याचे वडील पुढे सरकले आणि कुठला घोडा कुणाचा ते आम्हाला सांगायला लागले. त्या दिवसापासून डॉक्टरांना ते प्रश्नही विचारायला लागले. चित्राने एवढं केलं तर अजून काय पाहिजे?

तिसरं, भातुकली. स्वीडनच्या टोका बोका कंपनीचं चहापार्टीचं एक अ‍ॅप २०११ साली आयपॅडसाठी आलं होतं. टॅब आडवा ठेवायचा, तोच टेबलक्लॉथ. भोवती तिघं बसून कप निवडायचे, चहा ओतायचा, केक खायचा, सांडलं तर पुसायचं. तेच हवं असं नाही. त्या धाटणीचं काहीही चालेल. लहानांसाठी सागो मिनी या कंपनीचीही अ‍ॅप्स बरी आहेत. बघायचं एवढंच, की स्क्रीनभोवती एकापेक्षा जास्त माणसं बसू शकतात का आणि आई त्यात पाहुणी होऊ शकते का. दहा मिनिटांनी टॅब बाजूला सारून स्टीलची वाटी आणि चमचा पुढे करा. काचेवरचा चहा वाटीत आला की खेळ मुलाचा झाला. टॅब गेल्यावरही तो संध्याकाळभर चालतो. एक इशारा, जो कुठल्या अ‍ॅपच्या पाठीवर लिहिलेला नसतो: ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेल्या मुलापुढे चहापार्टी, आइस्क्रीमचं दुकान, पिझ्झा असलं काही काढू नका. आधी सिस्टरला विचारा, ‘हे मूल उपाशी आहे का?’

खरेदीबाबत सावध राहा. फुकट दिसणाऱ्या बऱ्याच अ‍ॅप्समध्ये आत दुकान असतं. टोका बोकाच्या नव्या मोठ्या अ‍ॅपमध्येही अर्धी घरं-दुकानं विकत घ्यावी लागतात, आणि कुलूप लावलेल्या दारासमोर आजारी मुलाला बसवणं काही बरं नाही. एकदाच पैसे देऊन पूर्ण मिळतं ते घ्या.

चौथं, गोष्टी. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेचं स्टोरीविव्हर हे गोष्टींचं संकेतस्थळ २०१५ पासून आहे. मराठी, गुजराती, हिंदी सगळ्यांत चित्रांची पुस्तकं फुकट मिळतात. वॉर्डातल्या वायफायवर विसंबू नका, घरूनच पंधरा-वीस उतरवून न्या. वाचून दाखवायचं ते माणसाने. आईला वाचता येत नसेल तर चित्रावरून तिच्या बोलीत सांगू दे. ती गोष्ट पुस्तकापेक्षा चांगली निघते.

पाचवं, आवाज टिपायचं साधं अ‍ॅप. आपल्याकडे आई सोबत असते म्हटलं, पण आयसीयूत नसते. तिथे आईच्या आवाजातलं रोजचं गाणं, घरच्या कुत्र्याचं भुंकणं, धाकट्या भावाची बडबड फार मोलाची. बऱ्याच वॉर्डांत लहान भावंडांना आत सोडत नाहीत, तेव्हा इकडून तिकडे निरोप पाठवायलाही हेच.

बस्स, एवढंच. महिनोन्‌महिने येणाऱ्या, शाळा बुडणाऱ्या पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी खान अकॅडमी किड्स घालू शकता. फुकट आहे, जाहिराती नाहीत, पण ते इंग्रजीत आहे आणि त्याला शाळेचा वास आहे. मूल मागेल तरच काढा.

‘डॉक्टर-डॉक्टर’ची अ‍ॅप्स मात्र टाकू नका. दात उपट, इंजेक्शन टोच, जखमेतून किडे काढ, वर दर मिनिटाला जाहिरात. दुकानात याच मालाचा ढीग आहे. डॉक्टरचा खेळ मुलांना हवाच असतो, पण तो हाताने. सुई नसलेली नवी सिरिंज, कापूस, पट्टीचा तुकडा, एक बाहुली. बाहुलीला धरून ठेवून सलाईन लावणारं मूल आपल्यावर काय गेलं तेच सांगत असतं, आणि ते त्याच्या बोटांतून यायला हवं.

डॉक्टरांच्या बाबतीत टॅबचा उपयोग दुसरा आहे, आणि तो मला सगळ्यात किमती वाटतो. ऑपरेशन ठरलेल्या मुलासाठी त्याच हॉस्पिटलचे पाच-सहा फोटो काढून एक छोटं पुस्तक बनवा. हे तुझं वॉर्डाचं दार. ही ढकलगाडी, हिच्यावर झोपून जायचं. इथपर्यंत आई येणार, इथे ती थांबणार. ही हिरव्या टोपीवाली डॉक्टर, मास्क काढला की अशी दिसते. हा फुग्यासारखा मास्क, यात फुंकायचं. जागा झालास की या खोलीत असशील आणि आई इथे, या स्टुलावर. आदल्या दिवशी दोन-तीनदा बघायचं, मूल मागेल तितक्यांदा मागे-पुढे करू द्यायचं. परदेशातलं कितीही सुंदर अ‍ॅप असलं तरी त्यातली लिफ्ट या हॉस्पिटलची नाही आणि तीन वर्षांच्या मुलाला त्याचा उपयोग नाही. यासाठी वरिष्ठांची लेखी परवानगी घ्या आणि फोटोत दुसरा कुठलाही पेशंट येऊ देऊ नका.

सुईच्या वेळी टॅब वापरावा का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण वॉर्डात गेलात की पहिल्याच दिवशी कुणीतरी म्हणेल, ‘जरा त्याला गेम लावा हो, तोवर आम्ही सुई लावतो.’ तेव्हा काय करायचं ते आत्ताच ठरवून ठेवा. लक्ष दुसरीकडे वळवल्याने सुईचं दुखणं कमी होतं हे खरं आहे; दोन ते एकोणीस वर्षांच्या मुलांवरचे अभ्यास एकत्र तपासणारा कॉक्रेन या संस्थेचा २०१८चा आढावा तेच सांगतो. भूल द्यायच्या आधीच्या भीतीवरही टॅब चालतो. फ्रान्समध्ये ल्योनच्या डॉक्टरांनी चार ते दहा वर्षांच्या मुलांवर केलेला अभ्यास २०१६ साली मांडला. त्यात टॅबवर खेळलेल्या मुलांची भीती आणि मिडाझोलाम हे शांत करणारं औषध दिलेल्या मुलांची भीती यांत फरक आढळला नव्हता. पण लक्ष वळवणं वेगळं आणि फसवणं वेगळं. मूल रंगलेलं असताना गुपचूप मागून हात धरला, तर ते एकदाच फसतं. त्यानंतर टॅब दिसला की हात पाठीमागे जातात, आणि तुमचा खेळही त्या वॉर्डात संपतो.

करायचं असं. आधी मुलाला सांगायचं: सिस्टर सुई लावणार, दुखेल, थोडा वेळच. मग त्याला ठरवू द्यायचं: सुईकडे बघणार की टॅबकडे? काही मुलांना बघायचंच असतं, त्यांना बघू द्या. टॅब हवा असेल तर खेळ सुईच्या आधी सुरू झालेला पाहिजे आणि सुई लागल्यावर पाचेक मिनिटं चालू राहिला पाहिजे, म्हणजे खेळाचा शेवट दुखण्यावर होत नाही. मूल आईच्या मांडीवर बसलेलं असावं, खाटेवर दाबून धरलेलं नको. टॅब आईने धरायचा नाही, तिचे हात मुलाभोवती हवेत. तो तुम्ही धरा, सुईच्या विरुद्ध बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर. नुसतं कार्टून लावण्यापेक्षा मुलाला बोट लावावं लागेल असं काही निवडा. तीन वर्षांच्या आतबाहेर असेल तर टॅबही राहू द्या, साबणाचे बुडबुडे काढा. फुंकर मारताना श्वास लांबतो आणि अंग सैल पडतं. आणखी एक: सिस्टरला आधीच विनंती करा, की शक्य असेल तर ज्या हाताने मूल खेळतं किंवा ज्याचा अंगठा चोखतं तो हात मोकळा ठेवा. ऐकतात. कुणी सांगत नाही म्हणून राहून जातं.

उरलेलं सगळं व्यवहाराचं. आठ इंची टॅब तीनेकशे ग्रॅमच्या आसपास भरतो, मुलाला पेलतो. दहा इंची जड, पण तिघांनी मिळून खेळायला बरा. एक-एक घ्या. पाठीवर झोपलेल्या मुलाच्या तोंडावर टॅब पडणं हा काही विनोद नाही, म्हणून खाटेच्या कठड्याला घट्ट बसणारा क्लॅम्प स्टँड हवाच. कव्हर गुळगुळीत रबराचं घ्या, कापडी किंवा खाचाखाचांचं नको. प्रत्येक मुलानंतर टॅब बंद करून सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या वाइपने काच, मागची बाजू, स्टँड सगळं पुसायचं. ब्लीच वापरू नका, काचेवरचा थर जातो. मुलाचे आणि तुमचे हात आधी आणि नंतर धुवायचे, ते वेगळं सांगायला नको. अल्कोहोलने सगळेच जंतू मरत नाहीत, विशेषतः जुलाबाचे काही. म्हणून आयसोलेशनमधल्या मुलाकडे जायचं की नाही हे तिथल्या सिस्टरना विचारा. जायचं ठरलं तर टॅब पारदर्शक झिपच्या पिशवीत घाला. पातळ प्लॅस्टिकमधूनही बोट चालतं, नंतर पिशवी फेकून द्यायची.

चार्जिंग घरी करून न्या. खाटेजवळचा प्लग इन्फ्युजन पंपासाठी (शिरेतून औषध सोडणारं यंत्र) आणि मॉनिटरसाठी असतो. तो ‘दोन मिनिटं’ म्हणून काढणारे लोक मी पाहिलेत. ऑक्सिजन चालू असलेल्या मुलाजवळ चार्जिंगला लावलेला टॅब कधीच नको. सिम घालू नका, विमान मोड लावून ठेवा. अँड्रॉइडवर अ‍ॅप पिन करून ठेवता येतं, म्हणजे मूल बाहेर पडून भलतीकडे जात नाही. आयपॅडवर गाइडेड अ‍ॅक्सेस नावाच्या सोयीत स्क्रीनचा नको तो कोपरा, समजा दुकानाचं बटण, बोटाने घेरून बंदही करता येतो. हेडफोन नकोत, कानाकानातून फिरणारी वस्तू पुसणं कठीण, आणि लहान मुलाला आईचा आवाज ऐकू यायला हवा.

जायची वेळ दुपारी तीन ते पाच. सकाळी राउंड आणि ड्रेसिंग असतात, संध्याकाळी भेटायला येणाऱ्यांची गर्दी. त्या मधल्या वेळेत मुलं कंटाळलेली आणि आया थकलेल्या असतात. टॅब परत घेताना ‘पाच मिनिटं राहिली’ म्हणू नका, तीन वर्षांच्या मुलाला मिनिट कळत नाही. ‘अजून दोन कप चहा, मग टॅब बंद’ म्हणा आणि दोन कपांनंतर खरंच बंद करा. रडेल थोडं. हातात काहीतरी ठेवून निघा, कागद, खडू, त्याने काढलेला फोटो.

फोटोंवरून आठवलं. मुलांचे फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकायचे नाहीत, टॅब देतानाचे तर नाहीच. मूल घरी गेलं की त्याचे फोटो त्याच्या आईच्या फोनवर पाठवून टॅबवरून पुसायचे. मंडळाचं नाव टॅबवर हवंच असेल तर मागच्या बाजूला, आणि स्टिकर पुसता येईल असं.

करायचा क्रम सांगते. श्रावण लागायच्या आत हॉस्पिटलच्या वरिष्ठांना आणि वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरना भेटा, दोघांनाही. पत्रात स्पष्ट लिहा, की टॅब मंडळाच्या मालकीचे राहतील, रोज परत नेले जातील आणि फुटतुटीची जबाबदारी हॉस्पिटलच्या कुणावरही नाही. हे वाचलं की सिस्टरचा चेहरा बदलतो. मग सहा-आठ माणसं निवडा. निवृत्त झालेल्या काकू आणि कॉलेजातल्या मुली यांच्या जोड्या चांगल्या जमतात: एक आईशी बोलते, एक मुलाशी खेळते. सर्दी-खोकला असेल त्या दिवशी यायचं नाही, हा नियम कडक. एक महिना दोन टॅबवर काढा आणि मगच तिसऱ्याचा विचार करा. उरलेल्या पैशांत क्लॅम्प स्टँड, वाइप्सचे डबे, झिपच्या पिशव्या, बुडबुड्यांच्या बाटल्या आणि एक छोटा फोटो प्रिंटर घ्या. प्रिंटरच्या कागदाचा खर्च दर महिन्याला येत राहील, तो वर्गणीच्या हिशेबात आत्ताच धरून ठेवा.